वैशाखातले दूरभिंग

ज्या वह्यांमधून पुढील टिपणे उतरवून काढली आहेत, त्या वह्या मुळात सरकारी दप्तराच्या, लांबट आणि लाल पुठ्ठ्याच्या असून रद्दीच्या लिलावात रीतसर पैसे भरून घेतलेल्या आहेत. हे आरंभीच नमूद करून ठेवतो, कारण महसूल खात्यात उभी हयात घालविलेल्या कारकुनाच्या घरी अशा वह्या सापडल्या म्हणजे पाहणाऱ्याच्या मनात भलताच संशय येण्याचा संभव असतो. त्यांच्या कडा घामाने पिवळ्या पडल्या आहेत, शिवणीत कुसळे अडकून बसली आहेत, आणि एका वहीच्या निम्म्या पानांना काळ्या मातीचा असा काही लेप बसला आहे, की तीवरील आकडे उतरवून घेताना मला दोनदा चष्मा पुसावा लागला. ज्या उद्योगापायी या वह्या भरल्या तो सुज्ञ माणसाने करावा असा खचितच नव्हे: चैत्र-वैशाखाच्या उन्हात, हाताने फोकस लावावयाचे लांब भिंग बरोबर घेऊन, सोलापूरच्या माळावर पालथे पडून राहणे. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्या गावची काही तरुण मंडळी जुनी, हाताने फिरवावयाची दूरभिंगे स्वस्तात मिळवून, त्यांना जोडकडे लावून नव्या कॅमेऱ्यांवर चढवू लागली, पहिल्याच उन्हाळ्यात ‘भिंग खराब निघाले’ अशी तक्रार घेऊन माझ्याकडे येऊ लागली, आणि त्या तक्रारींपैकी बहुतेकींत भिंगाचा काडीमात्र अपराध नव्हता असे मला पुनःपुन्हा आढळून आले, म्हणून हे बाड छापण्यास मी अखेर संमती दिली.

भिंगाला भिंग म्हणावे की लेन्स, याविषयी माझा आग्रह नाही. सोलापुरात ‘टेली’ म्हटले की काम भागते. आणि ज्या क्रियेला परिभाषाकार कोणते नाव देतील ते देवोत, तिला आम्ही ‘फोकस लावणे’ असेच म्हणत आलो. दूरभिंगाच्या नळीवर एक खवल्यांचे किंवा रबरी कडे असते. ते फिरविले की आतील आट्यांवरून काचा मागेपुढे सरकतात, आणि ज्या अंतरावरील वस्तूची प्रतिमा फिल्मच्या किंवा संवेदकाच्या पृष्ठावर नेमकी पडते ते अंतर सुस्पष्ट होते. यंत्र हे काम स्वतः करू लागल्याला आता बराच काळ लोटला आहे, आणि ते काम ते सकाळच्या शांत हवेत माझ्यापेक्षा शतपटीने चांगले करते, हे मान्य करण्यात मला कमीपणा वाटत नाही. नवे कॅमेरे तर पाखराचा डोळा ओळखून त्यावर नेम धरतात. वैशाखात दहा वाजता मात्र त्याच यंत्राची अवस्था मेळ्यात हरवलेल्या मुलासारखी होते. गवताची एक काडी पाखराच्या पुढे हलली की ते काडीवर धावते, काडी स्थिर झाली की मागच्या ढेकळावर, आणि ढेकूळच जेव्हा डोळ्यांदेखत पाण्यासारखे थरथरू लागते तेव्हा ते पुढे-मागे, पुढे-मागे असे घुटमळत राहते आणि तेवढ्यात पाखरू निघून जाते. हाताच्या कड्याला निदान कोठे थांबावे हे सांगता येते.

परंतु थांबावे तरी कोठे? सगळ्या पुस्तिकेचा गाभा या प्रश्नात असल्यामुळे येथे थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे.

सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे-पावणेपाचशे मीटर उंचीच्या पठारावर, पर्जन्यछायेच्या ऐन पोटात वसले आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ ते ४४ अंशांपर्यंत जाणे येथे वर्तमानपत्राची बातमी ठरत नाही. मात्र हा आकडा सावलीत, जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर टांगलेल्या तापमापकाचा असतो. उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग त्याच वेळी ६० अंशांच्या आसपास गेलेला असतो, हे अनवाणी चालणाऱ्या कोणाही गुराख्यास शास्त्रज्ञांच्या आधी ठाऊक असते. म्हणजे जमिनीपासून पहिल्या हातभर उंचीतच हवेचे तापमान पंधरा-वीस अंशांनी उतरते, आणि खालची तापलेली हवा हलकी होऊन बुडबुड्यांसारखी वर येत राहते. हवेचा अपवर्तनांक एकाहून जेमतेम पावणेतीन दशसहस्रांशांनी अधिक असतो; तापमान एका अंशाने चढले की तो सुमारे एक दशलक्षांशाने उतरतो. ही संख्या वाचून हसू यावे इतकी ती क्षुद्र आहे. तथापि प्रकाशाचा किरण त्या पाखरापासून आपल्या भिंगापर्यंत शे-दोनशे मीटर याच तापल्या, उसळत्या, क्षणोक्षणी बदलणाऱ्या थरांतून येतो, पावलोपावली रेसभर वाकतो, आणि आपले ४०० मिलिमीटरचे भिंग, ज्याचा जन्मच मुळी दूरच्या गोष्टी मोठ्या करून दाखविण्यासाठी झाला आहे, ते पाखरासोबत ही वाकणी-वळणीही इमानेइतबारे मोठी करून दाखविते.

यालाच आपण मृगजळ म्हणतो, आणि हा शब्द ज्याने घडविला त्याने दृश्य फार जवळून पाहिले असले पाहिजे. तहानलेले हरीण पाण्याच्या आभासामागे धावते, अशी त्याची रूढ व्युत्पत्ती. वेदान्ती मंडळींनी तर या एका दृष्टांतावर मायावादाचे केवढे थोरले मंदिर उभारले आहे. पण सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर अकराच्या सुमारास दूरभिंगातून पाहिले तर प्रकार नेमका उलटा दिसतो. काळवीट पाण्यामागे धावत नसतो. तो स्वस्थपणे, गुडघ्यापर्यंत त्या खोट्या पाण्यात उभा असतो, त्याचे पाय वितळून गेलेले असतात, त्याच्या पोटाखाली त्याचेच एक उलटे, तुटके प्रतिबिंब हिंदकळत असते, आणि फसगत झालेली असते ती मृगाची नव्हे, तर त्याला भिंगातून न्याहाळणाऱ्या गृहस्थाची. १७९८ साली नेपोलियनच्या मिसरवरील स्वारीत फ्रेंच सैनिकांना वाळवंटात अशीच तळी दिसू लागली आणि जवळ जावे तो ती मागे हटू लागली, तेव्हा स्वारीबरोबर असलेल्या गास्पार मोंज या गणितज्ञाने या चमत्काराची शास्त्रीय उपपत्ती मांडली. न्यूटनने तर त्याआधी, १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात, हवेच्या थरथरीने दुर्बिणीतील ताऱ्यांची प्रतिमा का बिघडते याचा विचार करून असा निर्वाळा देऊन ठेवला होता, की या दोषावर कारागिरीचा इलाज चालत नाही. उंच पर्वतशिखरांवरील निश्चल हवा हाच काय तो उपाय. आम्हां माळावरच्या लोकांना पर्वतशिखर कोठून मिळावे? आम्हांला मिळतात ते पहाटेचे दोन-अडीच तास.

म्हणून माझ्या वह्यांत फोटोच्या क्रमांकाआधी वेळ टिपलेली आहे, आणि वाचकाने प्रथम तोच स्तंभ पाहावा अशी विनंती आहे. वैशाखात सूर्य सहाच्या आत उगवतो. उगवल्यापासून साधारण साडेआठपर्यंत, रात्रभर निवालेली जमीन आणि वरची हवा यांचे तापमान एकमेकांच्या जवळपास राहते, आणि त्या अवधीत शंभर मीटरांवरील टिटवीच्या पायाचे सांधे मोजता येतात. साडेआठ ते साडेनऊ हा सरहद्दीचा काळ. या तासाभरात पन्नास मीटरांपलीकडचे काही मागू नये. साडेनऊनंतर माझ्या वह्यांत बहुधा फक्त आकडे आणि शिव्या आहेत, त्यांपैकी आकडे छापले आहेत. सायंकाळी हवा पुन्हा निवते, पण दिवसभर तापलेली काळी जमीन आपली उष्णता सहजासहजी सोडत नाही, त्यामुळे संध्याकाळचा सौदा सकाळच्या तुलनेत नेहमीच तोट्याचा असतो. सूर्यास्तापूर्वीचा पाऊण तास काय तो हाती लागतो. मात्र एखाद्या दिवशी दुपारी वळवाची सर येऊन गेली, की दुसऱ्या दिवशीची सकाळ सोन्याची: धूळ बसलेली, माती गार, आणि भिंगात प्रत्येक काडीची कड कशी कोरल्यासारखी. अशा सकाळी घरी लग्नकार्य असले तरी मी माळावर गेलेलो आहे, आणि त्याबद्दल ऐकून घ्यावे लागले तेही ऐकून घेतले आहे.

उंचीचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा. जमिनीवर वावरणाऱ्या पाखराचे चित्र जमिनीला टेकून घ्यावे, म्हणजे त्याचा डोळा आणि आपला डोळा एका रेषेत येतो आणि पाठीमागचा माळ धूसर होऊन एकाच रंगाचा पट्टा बनतो, असा या कलेतील सर्वमान्य दंडक आहे, आणि तो खरा आहे. परंतु हवेचा सर्वांत अधिक दंगा पहिल्या हात-दीड हातातच चालतो. पालथे पडलेल्या माणसाचे भिंग बरोबर त्या दंग्याच्या मधोमध असते. तेव्हा आठपर्यंत पडून राहावे, आठनंतर उठून बसावे, आणि नऊनंतर ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांबवून उभे राहावे, ही माझी रीत. चित्राचे सौंदर्य त्यात कमी होते, यात वाद नाही. पाण्यावरून पाहिले तर मात्र हिशेब पालटतो: हिप्परग्याच्या तलावावर, म्हणजे १८७१ साली अदिला नदी अडवून झालेल्या एकरुख तलावावर, किंवा करमाळ्याकडे उजनीच्या फुगवट्यावर, दुपारीदेखील हवा काळ्या रानाच्या मानाने पुष्कळ स्थिर असते, कारण पाणी जमिनीसारखे तापत नाही. उन्हाळ्यात पाणी आटू लागले की उजनीच्या चिखलात रोहित पक्षी उतरतात. नवशिक्याने हात तेथे बसवावा आणि मग माळावर यावे.

आता भिंगाच्या धातूविषयी. अॅल्युमिनियमची नळी दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ सहस्रांश मिलिमीटर वाढते. पहाटे २५ अंशांवर असलेली ४०० मिलिमीटर लांबीची काळी नळी उन्हात ५५ अंशांपर्यंत तापली, तर ती पाव मिलिमीटरहून किंचित अधिक लांब होईल. ही लांबी म्हणजे काही नाही असे वाटते. पण ४०० मिलिमीटर नाभ्यंतराच्या भिंगास अनंतावरून सुमारे ५८० मीटरांवर आणावयाचे झाले तर काचा जेवढ्या पुढे सराव्या लागतात, तेवढीच ही लांबी भरते. काचही तापते आणि तिचे अपवर्तनही बदलते, त्यामुळे हा हिशेब ढोबळच समजावा; तात्पर्य एवढेच की कड्यावर कोरलेल्या अनंताच्या खुणेचा वैशाखात भरवसा धरू नये. थोरल्या दूरभिंगांच्या कर्त्यांना हे ठाऊक होते, म्हणूनच अशा पुष्कळ भिंगांचे कडे अनंताच्या खुणेच्या पलीकडेही थोडे फिरते. ‘अनंताच्या पलीकडे काय आहे?’ असा प्रश्न एका विद्यार्थ्याने मला अगदी गंभीरपणे विचारला होता. त्याला मी ‘सोलापूरचा मे महिना’ असे उत्तर दिले. कॅनन कंपनीने १९६९ साली फ्लोराइटचा स्फटिक बसवून ३०० मिलिमीटरचे एक भिंग बाजारात आणले. फ्लोराइट रंगदोष फार सुंदर आवरतो, पण उष्णतेने तो काचेपेक्षा अधिक फुगतो, आणि पुढे त्या कंपनीची मोठी भिंगे पांढऱ्या रंगाची झाली त्यामागे ऊन परतवून लावणे हा हेतू होता. आपले भिंग काळे असेल तर वाईट वाटून घेऊ नये. सोलापूरचा पांढरा टॉवेल नळीभोवती सैलसर गुंडाळून, फोकसच्या कड्यापुरती फट ठेवून, सुतळीने बांधला की तेच काम पाच-पन्नास रुपयांत होते. टॉवेल ओला करण्याची बुद्धी होते, ती आवरावी.

उन्हाचा दुसरा घाव आट्यांतील ग्रीसवर पडतो, आणि याविषयी मी शिकलो तो धडा माझ्या खर्चाने आहे. एका वैशाखात, नान्नजहून परतताना वाटेतल्या एका गावी लग्नाच्या पंगतीचा आग्रह मोडवेना, म्हणून जीप उन्हात उभी करून, भिंगाची पेटी मागच्या बाकावर ठेवून मी जेवावयास बसलो. पंगत लांबली, दोन तासांनी येऊन पाहतो तो पेटीच्या कड्या हाताला चटका देत होत्या. भिंग वरवर ठीक दिसले. दुसऱ्या दिवशी मात्र कडे इतके ढिले झाले होते, की नळी खाली झुकविली तर ते स्वतःच्या भाराने फिरू लागे, आणि त्याहून वाईट म्हणजे पातळ झालेले ग्रीस आत पाझरून छिद्राच्या पात्यांवर पसरले होते, त्यामुळे पाती वेळेवर मिटेनात आणि महिनाभर मी घेतलेली सर्व चित्रे चुन्यासारखी पांढरी निघाली. पुण्याच्या एका वृद्ध कारागिराने ते खोलून, पुसून, नवे ग्रीस भरून दिले. त्याने मजुरी वाजवीच घेतली, पण देताना माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर अद्याप विसरलो नाही. बंद गाडी, स्कूटरची डिकी, पत्र्याच्या छपराखालचा पोटमाळा, ही तिन्ही ठिकाणे वर्ज्य समजावीत. त्याच न्यायाने घरातील कूलरपाशीही भिंग ठेवू नये. कोरड्या सोलापुरात बुरशी येत नाही असा समज आहे. वाळ्याच्या ताट्यांतून दिवसभर दमट हवा फेकणाऱ्या कूलरसमोर ती मे महिन्यातही येते, आणि भिंगाच्या काचेवर जाळ्यासारखी पसरते. थंड खोलीतून भिंग काढून थेट उन्हात नेले तर अर्धा तास त्याच्या पोटातील हवाच ढवळत राहते. पेटीचे झाकण उघडून सावलीत त्याला बाहेरच्या हवेची सवय होऊ द्यावी.

हाताच्या कसबाविषयी पुस्तिकेत स्वतंत्र टिपणे आहेत, म्हणून येथे दोनच गोष्टी सांगतो. पुष्कळ जुन्या कॅमेऱ्यांच्या पडद्याच्या मध्यभागी दुभंगलेल्या प्रतिमेचे एक वर्तुळ असते. दोन अर्धुके जुळली की फोकस लागला, असा तो सोपा संकेत. ५.६ किंवा त्याहून लहान तोंडाचे दूरभिंग लावले म्हणजे त्या वर्तुळाचे एक अर्धुक काळे पडते आणि नवशिका घाबरून जातो. त्या वर्तुळाचा नाद सोडून सभोवतालच्या दुधी काचेवर नजर ठेवावी. नव्या कॅमेऱ्यांतही तीच गत आहे: सुस्पष्ट कडांवर रंगीत रेघ उमटविण्याची जी सोय असते, ती तापलेल्या हवेत सगळ्या माळालाच दिवाळीची रोषणाई करून टाकते. कडे सावकाश फिरवीत स्पष्टतेच्या बिंदूवरून पलीकडे जावे, परत यावे, पुन्हा जावे, आणि प्रत्येक फेरीला पल्ला कमी करीत आणावा, ही जुनीच रीत तेथेही कामास येते. हवा हलत असेल तर त्या बिंदूवरही प्रतिमा पाच-सहा क्षण विस्कटते आणि मग एखादा क्षण, जणू कोणी श्वास रोखून धरावा तशी, निवळते. खगोलशास्त्रज्ञ याच क्षणासाठी शेकडो चित्रे घेऊन त्यांतील मोजकी निवडतात. आपणही एकाच ठिकाणी कडे धरून दहा-बारा चित्रे घ्यावीत. शटरचा वेग वाढवून थरथर गोठविता येते, असे पुष्कळांना वाटते. प्रखर उन्हात १०० वेगाच्या फिल्मवर ५.६ ला सेकंदाचा सहस्रांश सहज मिळतोही, परंतु त्याने गोठते ती वाकडी झालेली चोच, सरळ चोच नव्हे.

दुसरी गोष्ट आमच्या गावची आहे. ज्या शहरात १८७७ साली पहिली कापडगिरणी निघाली आणि जेथे आजही गल्लोगल्ली माग चालतात, तेथे सुताला तोटा नाही. दहा, वीस आणि चाळीस मीटरांच्या खुणांवर कड्याभोवती जाड सुताचा एकेक पेड गाठ मारून चिकटवून टाकावा: दहाला एक गाठ, विसाला दोन, चाळिसाला तीन. मग कॅमेऱ्यावरून नजर न काढता बोटाला अंतर कळते. ४०० मिलिमीटरचे भिंग ५.६ वर असता वीस मीटरांवर स्पष्टतेची खोली सुमारे ८० सेंटिमीटर मिळते, दहा मीटरांवर जेमतेम वीतभर. तेव्हा गाठ म्हणजे केवळ मुक्काम, घर पुढे शोधावयाचे असते. सिद्धेश्वर तलावाच्या काठी, किल्ल्याच्या भिंतीकडे पाठ करून, बगळ्यांवर ही गाठींची तालीम मी दोन उन्हाळे केली. देवळात येणाऱ्या मंडळींनी मला सर्व्हेखात्याचा माणूस समजून जागेच्या हद्दीविषयी विचारले ते वेगळेच.

या गाठींचा खरा उपयोग पखुर्ड्यांच्या पाणवठ्यावर होतो. पखुर्डी सकाळी ऊन थोडे चढल्यावर थव्याने पाण्यावर येते, काही क्षण थांबते, नर पोटाची पिसे पाण्यात भिजवून पिलांसाठी ते पाणी घेऊन जातो, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच थवा उडालेला असतो. एवढ्या अवकाशात कडे फिरविण्यास सवड कोठली! तिने आदल्या दिवशी जेथे पाणी प्यायले त्या काठच्या एखाद्या खड्यावर आधीच फोकस लावून, कडे सोडून, दोन तास वाट पाहावी. नेमकी ती येते तेव्हा साडेआठ-नऊ वाजलेले असतात आणि हवा हलू लागलेली असते. म्हणून लपण पाण्यापासून दहा-पंधरा मीटरांवर असावे, म्हणजे भिंग आणि पाखरू यांच्यामध्ये हवाच थोडी उरते. उष्णतेवर मला सापडलेला एकमेव खात्रीचा उपाय हाच आहे, आणि तो भिंगाच्या किमतीत येत नाही.

परंतु ज्या पाखरासाठी मी मुळात हे लांब भिंग मिळविले, त्याच्याजवळ जाण्याची मुभा नव्हती, आणि ती नव्हती हे योग्यच होते. सोलापुराहून बार्शीच्या वाटेवर वीसएक किलोमीटरांवर नान्नज आहे. सत्तरच्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्राच्या कार्यक्रमाखाली वनखात्याने तेथे काही गवताळ तुकडे गुरांपासून राखले, गवत वाढले, आणि माळढोक त्या गवताला आला. १९७९ साली सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांतील मिळून ८,४९६ चौरस किलोमीटर मुलूख माळढोकाचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला. आठ हजारांचा हा आकडा दप्तरात चढविताना कोणाच्या लेखणीला कंप सुटला असेल की नाही, कोण जाणे. त्यात गावे होती, बाजारपेठा होत्या, रस्ते आणि पिकाऊ जमिनी होत्या, आणि विहीर-रस्त्यापासून जमिनीच्या व्यवहारापर्यंत प्रत्येक अर्जाला या पाखराच्या नावाची अडवणूक होऊ लागताच, ज्या शेतकऱ्याने त्याला पिढ्यान्‌पिढ्या आपल्या ज्वारीत फिरू दिले होते तोच त्याच्या नावाने बोटे मोडू लागला. मी कचेरीत त्या अर्जांच्या बाजूला बसलेलो होतो आणि रविवारी माळावर पाखराच्या बाजूला. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. पुढे हे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणले गेले. तोवर पाखरेच उरली नव्हती म्हणावयाची. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने ऐंशीच्या दशकात नान्नजला त्याचा अभ्यास केला, तेव्हा उन्हाळा संपता संपता नर माळावर उभा राहून गळ्याची पिशवी फुगवीत असे आणि ‘हूम’ असा खोल आवाज वाऱ्यावरून येई. २०११ पासून जगाच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला आहे, आणि नान्नजला आज तो दिसणे दैवयोगाची गोष्ट झाली आहे. सोलापुरातच जन्मलेले आणि वनखात्यात आयुष्य वेचून अखेरीस सोलापुरासच परतलेले मारुती चितमपल्ली यांनी पक्ष्यांच्या मराठी नावांचा जो कोश केला, त्यात हे नाव राहीलच. पाखराची हमी कोश देत नाही.

माळढोक जमिनीवर उघड्यात एकच अंडे घालतो. घरट्याच्या आसपास माणूस वावरला तर मादी ते सोडून जाण्याचा धोका असतो, म्हणून घरट्याच्या चित्रणाविषयी एक ओळदेखील या पुस्तिकेत नाही, आणि कोणी विचारल्यास मी सांगणारही नाही.

माझ्याजवळ माळढोकाचे एकच चित्र आहे. ते सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी, रस्त्याच्या कडेवरून, गाडीच्या खिडकीत टॉवेलाची उशी करून, साधारण चारशे मीटरांवरून घेतले. मीटरभर उंचीचे पाखरू चारशे मीटरांवर उभे असले, तर ४०० मिलिमीटरच्या भिंगातून फिल्मवर त्याची प्रतिमा बरोबर एक मिलिमीटर पडते, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढी. कड्यावर तीन गाठींच्याही पुष्कळ पुढे माझे बोट होते. मी अनंताच्या अलीकडे-पलीकडे चार-पाच फेऱ्या केल्या, आणि कोठेही ते स्पष्ट होईना. मान वितळत होती, पाय नव्हतेच, पोटाखाली पाणी लकाकत होते. बारा वेळा बटण दाबले. त्यांतील नवव्या चित्रात हवेने एक क्षण श्वास रोखलेला दिसतो आणि काळ्या टोपीखाली पांढऱ्या मानेची एक उभी रेघ ओळखू येते. छापखान्याच्या मंडळींनी ते चित्र ‘अस्पष्ट आहे’ म्हणून परत पाठविले होते. मी ते पुन्हा पाठविले आहे, आणि ते पान क्रमांक एकवर, वेळेच्या नोंदीसह, जसेच्या तसे छापावे असे कळविले आहे.

सोलापूर,
अक्षय्य तृतीया